प्रकाशाची मात्रा

फिजिओथेरपी शिकत असताना आम्हांला क्रोमायर लॅम्प नावाचा एक दिवा हाताळावा लागे. पाऱ्याच्या वाफेचा, पाण्याने थंड ठेवलेला, हातात धरून जखमेजवळ नेता येणारा. तो पेटला की थोड्या वेळात ओझोनचा उग्र वास सुटायचा आणि शिकवणाऱ्या बाई आधी रोग्याच्या, मग आमच्या डोळ्यांवर चष्मे चढले आहेत ना ते बघायच्या. त्यातले अतिनील किरण चिघळलेल्या जखमांवर टाकायचे असत, पण थेट जखमेवर कधीच नाही. आधी एक पुठ्ठा घ्यायचा आणि त्याला तीन भोकं पाडायची: एक गोल, एक चौकोनी, एक त्रिकोणी. तो पुठ्ठा रोग्याच्या हाताच्या आतल्या, कमी ऊन लागणाऱ्या बाजूवर बसवायचा, बाकीचा हात टॉवेलने झाकायचा. मग तिन्ही भोकांवर कमी, मध्यम, जास्त अशा वेळेपुरता प्रकाश टाकून रोग्याला घरी पाठवायचं.

दुसऱ्या दिवशी तो हात वाचायचा. नुसती गुलाबी छटा येऊन दिवसभरात ओसरली तर ती पहिली मात्रा, ई-वन. लाली दोन-तीन दिवस टिकली आणि जागा हुळहुळली तर ई-टू. आठवडाभर दुखणारी, सुजलेली लाली म्हणजे ई-थ्री आणि फोड आला तर ई-फोर. जखमेत पू असेल, मेलेल्या पेशींचा पिवळट थर असेल, तर तळाला मोठी मात्रा द्यायची आणि कडेच्या कातडीवर व्हॅसलीन थापायचं. तोच तळ लाल, दाणेदार दिसू लागला की मात्रा एकदम खाली आणायची. दिवा तोच, जखमही तीच. पण आठवड्यापूर्वी जी मात्रा उपयोगाची होती ती आता नव्या पेशी जाळणार.

प्रतिजैविकं सर्रास मिळू लागली, अतिनील किरणांनी त्वचेचा कर्करोग होतो हे पक्कं झालं, आणि हा दिवा बहुतेक ठिकाणी मागे पडला. तो गेला याचं दुःख नाही. मला आठवतो तो पुठ्ठा. प्रकाश हे औषध आहे, त्याला मात्रा असते आणि ती माणसागणिक, दिवसागणिक बदलते, ही गोष्ट त्या पुठ्ठ्याने हातात मुरवली. आज प्रकाशोपचार पुन्हा जोरात आले आहेत. लाल दिव्यांचे मुखवटे घरपोच मिळतात, ‘रेड लाइट’चे पॅकेज विकले जातात, आणि जखमेचा रोगी खुर्चीत बसता बसता विचारतो, “मॅडम, लाइट लावला की भरेल ना?” त्याला हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही. उत्तर आहे, पण ते बरंच लांबचं आहे.

आधुनिक वैद्यकात त्वचेच्या रोगावर प्रकाश वापरायची पद्धतशीर सुरुवात झाली ती कोपनहेगनमध्ये. नील्स फिन्सेन हा फेरो बेटांवर १८६० साली जन्मलेला डॅनिश डॉक्टर. चेहऱ्याच्या त्वचेला होणारा क्षय, ज्याला ल्युपस व्हल्गॅरिस म्हणत, माणसाचं नाक-गाल कुरतडून टाकत असे. फिन्सेनने विजेच्या कमानीचा प्रखर प्रकाश भिंगांतून आणि पाण्यातून गाळून त्या व्रणांवर एकवटला. १८९६ साली त्याची संस्था उभी राहिली आणि १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी तो वारला. त्या संस्थेच्या जुन्या छायाचित्रांत प्रत्येक रोग्याशेजारी एक परिचारिका दिसते. स्फटिकाचं भिंग ती व्रणावर दाबून धरून बसलेली असते. रक्त प्रकाश शोषून घेतं, म्हणून दाबाने त्या जागेतलं रक्त बाजूला सारायचं, म्हणजे किरण खोल पोचतील. एकेका बैठकीला तासभर लागे. इतक्या निगुतीने केलेला तो उपचार गुणकारी ठरला, पण का गुणकारी ठरला याचा फिन्सेनचा अंदाज मात्र बरोबर नसावा. शंभर वर्षांनी डॅनिश संशोधकांनी त्याचे दिवे आणि भिंगं तपासली, तेव्हा जंतू थेट मारणारे आखूड अतिनील किरण त्या भिंगांतून पलीकडे जातच नव्हते. क्षयाच्या जंतूंमध्येच पॉरफिरिन नावाची द्रव्यं असतात. ती उरलेला प्रकाश शोषून ऑक्सिजनचं एक जहाल रूप तयार करतात आणि त्यात जंतू मरतो, असं स्पष्टीकरण आज जास्त पटतं. उपचार आधी लागू पडतो आणि त्याचं कारण नंतर बदलत राहतं, असं या क्षेत्रात पुन्हा पुन्हा घडलं आहे.

लाल प्रकाशाची गोष्ट बुडापेस्टची. थिओडोर मेमनने १९६० साली माणकाच्या दांडीतून पहिला लेसर काढला आणि काही वर्षांतच डॉक्टरांनी तो कर्करोगाच्या गाठींवर रोखला. बॉस्टनमध्ये पॉल मॅकगफने प्राण्यांतल्या गाठी लेसरने नष्ट केल्याचं जाहीर केलं होतं. हंगेरीत एन्द्रे मेस्टर नावाच्या शल्यविशारदाने तोच प्रयोग करून बघायचं ठरवलं. उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले, गाठी बसवल्या, माणकाचा लेसर चालवला. गाठींना काहीही झालं नाही, कारण मेस्टरच्या हातातला लेसर मॅकगफच्या मानाने फारच दुबळा होता. मात्र भादरलेल्या जागी केस झपाट्याने उगवले. लेसर न लावलेल्या उंदरांच्या पाठी त्या मानाने उघड्याच होत्या. हे १९६७ च्या सुमाराचं.

मला मेस्टरबद्दल आदर वाटतो तो इथे. ज्यासाठी प्रयोग मांडला ते फसलं होतं. केस उगवले ही नोंद समासात टाकून तो पुढच्या कामाला लागला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्याने त्या केसांचा पाठपुरावा केला. क्षीण लेसर जखमांवर लावून पाहिला, आधी प्राण्यांवर, मग सत्तरच्या दशकात पायांवरच्या जुनाट, न भरणाऱ्या व्रणांवर. त्याचे रोगी पुष्कळ होते, पण तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. म्हणून त्याचा उत्साह जगभर पसरला तरी पुरावा तेवढ्या वेगाने जमला नाही. त्या उणिवेची किंमत आम्ही अजून मोजतो आहोत.

जखम कशी भरते ते रोज बघणाऱ्याला त्यातली शिस्त दिसते. रक्त गोठतं. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मोडतोड साफ करतात. त्यानंतर फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजनचे धागे विणणाऱ्या पेशी, तळाशी कामाला लागतात. बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि गॉज उचलल्यावर ओल्या, लाल, दाणेदार मांसाचा थर दिसतो. कडेने त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी, केरॅटिनोसाइट, आत सरकत येतात. नीट पाहिलं तर ती मोत्यासारखी पांढुरकी पातळ किनार ओळखता येते. ती किनार दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. वरून बंद झालेली जखम आत महिनोन्‌महिने घडत असते. तीन आठवड्यांनी तिथल्या कातडीला मूळच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढीच ताकद आलेली असते आणि पुढे कितीही काळ गेला तरी ती साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही.

यात प्रकाश नेमका शिरतो कुठे? साधारण ६३० ते ६७० नॅनोमीटरचा लाल प्रकाश आणि ८०० च्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्वचेतून काही मिलिमीटर आत जातो. त्याहून आखूड लहरी रक्त आणि मेलॅनिन अडवतात, फार लांब लहरी पाणी अडवतं. आत पोचलेला प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार होते त्या जागी, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाच्या प्रथिनाला जाऊन भिडतो, असं रशियन संशोधक टीना कारू यांनी मांडलं. श्वासातला ऑक्सिजन शेवटी वापरला जातो तो याच प्रथिनापाशी. थकलेल्या, ताणातल्या पेशीत तिथे नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसतो आणि काम मंदावतं. प्रकाशाने तो सुटतो आणि ऊर्जानिर्मितीला पुन्हा वेग येतो, अशी ही उपपत्ती. ती वर्षानुवर्षं शिकवली गेली, मीही शिकवली. पण २०१९ साली एका प्रयोगात हे प्रथिनच नसलेल्या पेशी ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशात तशाच वाढल्या. म्हणजे दार एकच नाही. २०१४ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की क्षीण लेसरने पेशीबाहेर निजलेला टीजीएफ-बीटा हा वाढीचा घटक जागा होतो, आणि त्याच्या जोरावर त्यांनी उंदरांच्या दातांत नवं दंतद्रव्य तयार करून घेतलं. फिन्सेनच्या भिंगांसारखंच आहे हे. परिणाम दिसतो, कारणांचा शोध चालू राहतो.

मात्रेची गोष्ट सगळ्यांत स्वच्छ दिसते ती प्रयोगशाळेतल्या एका साध्या चाचणीत. काचेसारख्या बशीत माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्टचा एकच थर वाढवतात. पिपेटच्या टोकाने त्यावर सरळ ओरखडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली मधे मोकळी पट्टी आणि दोन्ही काठांना पेशी. मग बघत राहायचं, दोन्हीकडच्या पेशी सरकत येऊन पट्टी किती वेळात बुजवतात. जोहान्सबर्ग विद्यापीठातल्या हायडी अब्राहम्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जखमी पेशींवर हीलियम-निऑन लेसरचा ६३२.८ नॅनोमीटरचा प्रकाश वेगवेगळ्या मात्रांत टाकला. दर चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल मिळाले तेव्हा पेशी सावरल्या, वाढल्या, सरकल्या. १० आणि १६ ज्यूलला त्यांचं नुकसान झालं. फारच थोडा प्रकाश असला तर पेशींना पत्ताच लागत नाही, नेमका असला तर त्या हलतात, जास्त झाला तर मार खातात. आणि हे तिन्ही प्रकार एकाच यंत्राने होतात. प्रोबमधून दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट मिळत असतील तर शंभर सेकंदांत ५ ज्यूल होतात. तोच प्रोब बोटभर दूर धरला की आकडा ढासळतो. दिवा किती वॅटचा, एवढंच सांगणाऱ्या खोक्यावरून यातलं काहीच कळत नाही.

पण त्या बशीत आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे लक्ष जात नाही. बशी सदतीस अंशांवर ठेवलेली असते. पेशींना अन्न वेळेवर मिळतं, जंतूंचा शिरकाव नसतो, आणि त्या ओरखड्यावर कुणी उभं राहत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जखमांवर माणसं उभी असतात. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की अंगठ्याच्या मुळाशी घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं, मग तो फुटतो. एक निवृत्त गुरुजी असेच आले. जखम रुपयाएवढी, भोवती पिवळट घट्ट्याचं कडं. मी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा तो बारीक तंतू, जो दहा ग्रॅम दाबाला वाकतो, तळव्याला एकेक ठिकाणी टेकवत गेले. “लागलं की हो म्हणा, गुरुजी.” टाचेला एकदा हो आलं. पुढच्या पावलाला कुठेच आलं नाही. ते वाट बघत होते, तंतू केव्हा लावणार म्हणून. मग मी त्यांची चप्पल उलटी केली. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे जखम होती अगदी तिथेच, तळ झिजून खळगा पडला होता. साखर आटोक्यात राहावी म्हणून ते रोज पहाटे नेमाने फिरायला जात. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि बरोबरच सांगितलं होतं, पाय शाबूत असता तर.

त्यांच्या मुलाने लाल दिव्याचं एक यंत्र विकत आणलं होतं. आमच्याकडेही लेसर होता. मी तो मोजूनमापून लावलाही. पण त्याआधी घट्टा कापला, पायाचा रक्तपुरवठा तपासून घेतला, जंतुसंसर्ग नाही ना ते बघितलं आणि पावलाला प्लॅस्टर घातलं, म्हणजे भार जखमेवरून उठून सगळ्या पायावर वाटला जाईल. जखम आकसू लागली. मधेच भाचीचं लग्न आलं. गुरुजींनी प्लॅस्टर काढायचा हट्ट धरला, दोन दिवस कोल्हापुरी वहाणा घालून मांडवात वावरले आणि परत आले तेव्हा कडेची पांढरी किनार फाटून गेली होती. त्या दिवसांतही लेसर चालू होता. तीच तरंगलांबी, तीच मात्रा. पुन्हा प्लॅस्टर घातलं, पुन्हा किनार धरली आणि जखम मिटली. गुरुजींना वाटतं, लाइटने बरं वाटलं. मला त्या दोन दिवसांतून जे दिसलं ते वेगळं आहे.

हे नवीन ज्ञान नव्हे. वेल्लोरला पॉल ब्रँड १९४६ नंतर कुष्ठरोग्यांवर काम करत होते. तेव्हा समज असा होता की कुष्ठरोग्याचं मांसच वाईट असतं, म्हणून त्याच्या जखमा भरत नाहीत. ब्रँड यांनी ते व्रण प्लॅस्टरमध्ये बंद केले आणि ते इतरांच्या जखमांसारखेच भरले. मांसात खोट नव्हती. दुखत नसल्यामुळे तो माणूस जखमेवर चालत राहत होता. मऊ रबराच्या ज्या एमसीआर चपला आपल्याकडे आज मधुमेहींना देतात, त्या आधी कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी आल्या. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी ज्यांना हाताशी धरलं त्यांच्या पायांची कथा हीच होती.

ब्राझीलमध्ये पारा राज्यात कुष्ठरोगाने मागे राहिलेल्या व्रणांवर लेसरची चाचणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांना नेहमीची मलमपट्टी आणि पायांची निगा, काहींना त्यावर ६६० नॅनोमीटरचा लेसर. त्या मात्रेत लेसरने वेगळा काही फायदा दिसला नाही. मधुमेही पायांच्या व्रणांवर कॉक्रेन संस्थेने २०१७ साली जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. सापडल्या ८, आणि त्या सगळ्यांत मिळून रोगी ३१६. प्रकाश घेतलेल्यांच्या जखमा जास्त भरल्या असं त्यांत दिसतं, पण चाचण्या लहान आणि रचनेत कच्च्या, म्हणून खात्रीने काही सांगता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. मला हे वाचून लेसर कपाटात ठेवावासा वाटत नाही. पण रोग्याच्या पैशांचा पहिला हक्क चपलेचा आहे, दुसरा साखर मोजण्याच्या पट्ट्यांचा. ते दोन्ही झाल्यावर प्रकाशाचं बोलू.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. दिव्याची ऊब म्हणजे हा उपचार नव्हे. शेकायचा लाल दिवा बधिर पायावर लावून, ‘चटका तर बसला नाही’ म्हणत, पाऊल भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. दुकानात त्यांना तो दिवा जखमेसाठीच म्हणून विकलेला असतो. ज्या पायाला दहा ग्रॅमचा तंतू कळत नाही त्याला चटका कसा कळावा? पेशींना उपयोगी पडणारा प्रकाश त्वचेला जेमतेम कोमट करतो. गरम लागत असेल तर काहीतरी चुकतं आहे.

आता त्या जागेबद्दल, जिथे हा उपचार पुराव्यानिशी उभा आहे आणि जिथे तो क्वचितच पोचतो.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रोगी किती, हे कुठल्याही कर्करोग रुग्णालयाच्या ओसरीवर बसलं की कळतं. तंबाखू, गुटखा, आणि बायकांच्या बाबतीत मिश्री. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे; ओसरीवरची गर्दी बघून ते वाटत नाही. यांतल्या पुष्कळांना सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, तोंडावर किरणोपचार घ्यावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाचं आतलं अस्तर सोलवटतं. आधी लाल, मग त्यावर पांढरे चट्टे, मग सलग कच्ची जखम. तिथल्या पेशी फार भराभर नव्या होतात, म्हणून किरणांचा मार त्यांना आधी बसतो. थुंकी गिळणं नकोसं होतं. वरणाचं पाणीसुद्धा झोंबतं. नाकातून नळी घालावी लागते, वजन उतरतं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रोगी मधेच उपचार थांबवतो. ते थांबलेले दिवस कर्करोगाच्या पथ्यावर पडतात.

इथे लाल लेसर लागू पडतो. किरणोपचाराच्या काळात रोज तोंडात बारीक प्रोब नेऊन, गालांच्या आत, ओठांच्या आत, जिभेच्या कडांना, ठरावीक बिंदूंवर काही सेकंद प्रकाश द्यायचा, गाठीची जागा सोडून. कर्नाटकात मणिपालच्या संशोधकांनी हीलियम-निऑन लेसरने असा उपचार करून पाहिला आणि २००६ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये त्याचे निष्कर्ष छापले: वेदना कमी, व्रण सौम्य. पुढे ब्राझीलमध्ये, युरोपात आणि पुन्हा मणिपालमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. कर्करोग्यांच्या सहायक उपचारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आज डोकं-मानेच्या किरणोपचारात हे व्रण टाळण्यासाठी प्रकाशोपचाराची स्पष्ट शिफारस आहे. कर्करोगाच्या पेशींनाही या प्रकाशाने चालना मिळेल का, ही शंका रास्त आहे. म्हणूनच जागा आणि मात्रा यांची बंधनं पाळायची आणि रोग्यावर नंतरही नजर ठेवायची.

तोंडात तो उपयोगी का पडतो आणि पावलावर का अडखळतो, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, तोंडातल्या त्या पेशींना रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यांच्यावर कुणी उभं राहत नाही, जखम कधी होणार ती तारीख आधी माहीत असते आणि प्रकाश ती होण्याआधीच पोचतो. पायाची जखम आमच्याकडे येते तेव्हा महिन्यांची जुनी झालेली असते.

सांगोल्याकडच्या एक मावशी होत्या. लहानपणापासून मिश्री लावायच्या, गालाचा कर्करोग. पहिल्या दिवसापासून त्यांना लेसर मिळाला. तोंड आलंच, येणारच होतं. पण शेवटच्या आठवड्यातही त्या दुधात कुस्करलेली भाकरी सावकाश गिळत होत्या आणि नळी लागली नाही. “ताई, तुमचं ते काडीचं मशीन लागत तर काहीच नाही, मग करतंय काय?” असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, “मावशी, तुमच्याच कातडीला कामाला लावतंय.” शेजारच्या खाटेवरचा तिशीतला मुलगा उशिरा आला होता. त्याचं तोंड तोवर सोललेलं. त्याला थोडा आराम पडला, पण नळी टळली नाही.

आणि त्याच शहरात, त्याच तरंगलांबीचा प्रकाश चेहरा उजळण्यासाठी विकला जातो. त्वचेच्या सुरकुत्या, व्रणांचे डाग यांवर लाल प्रकाशाचा काही उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. मला काळजी आहे ती आपल्या रंगाची. या यंत्रांच्या मात्रा बऱ्याचदा गोऱ्या त्वचेवर ठरवलेल्या असतात. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन प्रकाश वरच्या वर शोषून घेतं. २०१० साली एका अभ्यासात दिसून आलं की नुसत्या दृश्य प्रकाशाने सावळ्या त्वचेवर टिकाऊ काळपटपणा आला, गोऱ्या त्वचेवर आला नाही. त्यात निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा वाटा मोठा. मुखवट्यात लाल आणि निळे दिवे शेजारी शेजारी असतात आणि वांग आलेल्या बायका तो मुखवटा वांग जावा म्हणून रोज चढवतात. त्यांना हे सांगायला कुणीतरी हवं. लाल प्रकाशाच्या सहनशक्तीच्या अमेरिकेतल्या चाचण्यांतही सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांची वरची मर्यादा गोऱ्यांपेक्षा कमी निघाली.

मी आठवड्यातले काही दिवस ज्या रुग्णालयात जाते तिथे लेसर आधीपासून होता. फिजिओथेरपी विभागात, किरणोपचाराच्या इमारतीपासून लांब. तोंड आलेला माणूस, अंगात त्राण नाही, नंबर केव्हा लागेल याची धास्ती. तो दोन जिने चढून आमच्याकडे कशाला येईल? पहिल्या आठवड्यात येत, दुखायला लागलं की यायचे बंद होत. आम्ही यंत्र उचलून किरणोपचाराच्या प्रतीक्षागृहाशेजारच्या खोलीत नेलं. आता नंबर येईपर्यंतच्या वेळात लेसर होऊन जातो आणि फारसं कुणी चुकत नाही.

मी नसेन त्या दिवशी कोण करणार हा प्रश्न होता. दंतविभागातल्या दोन सहायिका शिकत आहेत. तोंड कसं उघडून घ्यायचं, उमासा येऊ न देता प्रोब मागच्या दाढेपर्यंत कसा न्यायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. त्यांना मी सध्या पॉवर मीटर वापरायला शिकवते आहे. दर सोमवारी प्रोबच्या टोकातून खरोखर किती मिलिवॉट बाहेर पडतात ते मोजून वहीत लिहायचं आणि त्याप्रमाणे सेकंद वाढवायचे, कारण डायोड जुना होत जातो तसा प्रकाश कमी होतो आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा मात्र पहिल्या दिवशी होता तोच राहतो.